अक्षर एक, कुळे अनेक : सौंदडच्या नावाच्या निमित्ताने

मुंबईहून कोलकात्याकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर साकोली मागे पडली की कोहमाऱ्याच्या अलीकडे सौंदड लागते. गोंदियाहून वडसा-नागभीडकडे निघालेला लोहमार्ग इथे महामार्गाला छेदतो. तालुका सडक अर्जुनी, जिल्हा गोंदिया. नकाशावर एवढीच ओळख असलेल्या या गावाचे नाव मात्र मराठी शब्दकोशात जसेच्या तसे सापडते. सौंदड म्हणजे शमी. दसऱ्याला जिची पूजा होते आणि काही भागांत आपट्यासोबत जिची पानेही सोने म्हणून वाटली जातात, ते हे झाड. कोशातला शब्द आणि गावाचे नाव यांत काना-मात्रेचाही फरक नाही. त्यामुळे सौंदड हे शमीच्या झाडावरून पडलेले नाव आहे, हे अनुमान कुणाच्याही मनात चटकन उभे राहते आणि एकदा उभे राहिले की ते इतिहास म्हणून सांगितले जाऊ लागते. अशा अनुमानाला इतिहासाचा मान देण्यापूर्वी थांबायला हवे, असे मला वाटते. अक्षरे जुळली म्हणून कूळ जुळते असे नाही. गावाच्या नावाचे कूळ ठरवायला अक्षरांपलीकडचा पुरावा लागतो, आणि तो कुठे शोधायचा याच्या वाटा ठरलेल्या आहेत.

सौंदडच्या बाबतीत ही घाई जास्तच सोपी होते, कारण शेजारी अर्जुनी आहे. विराटपर्वातली कथा घराघरांत माहीत असते. अज्ञातवासाला निघताना पांडवांनी आपली शस्त्रे शमीच्या झाडावर लपवली आणि वर्ष सरल्यावर अर्जुनाने तिथूनच गांडीव काढले. शमीचे गाव आणि अर्जुनाचे गाव एकाच तालुक्यात, हाकेच्या अंतरावर. एवढे भांडवल हाती असले की स्थळपुराण रचायला एक संध्याकाळ पुरते. पण अर्जुन हे झाडाचेही नाव आहे. नदीनाल्यांच्या काठाने वाढणारा, पांढुरक्या सालीचा अर्जुन झाडीपट्टीतल्या, म्हणजे विदर्भाच्या या पूर्व भागातल्या, रेशीम उत्पादकांच्या चांगल्या ओळखीचा आहे, कारण कोसा रेशमाच्या अळ्या ऐन आणि अर्जुनाच्या पाल्यावर पोसल्या जातात. म्हणजे अर्जुनी या नावापुढे निदान दोन वाटा आहेत आणि त्यातली झाडाची वाट या भूमीला जास्त धरून आहे. शमीचे तसे नाही. शमी हे कोरड्या मुलखाचे झाड. राजस्थानात ते खेजडी नावाने ओळखले जाते आणि तिथल्या राज्यवृक्षाचा मान त्याला आहे. दख्खनच्या पर्जन्यछायेतही ते दिसते. गोंदियाचा मुलूख वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणारा, भाताचा, तलावांचा, मोह-तेंदू-ऐन-बांबूच्या रानाचा. इथे शमी आपसूक दाट माजेल असे हवामान नाही. म्हणजे अक्षरे एक सांगतात आणि माती वेगळेच सुचवते.

हा पेच एकट्या सौंदडचा नाही. जिथे जिथे अनेक भाषा एकच लिपी वापरतात, तिथे तो उभा राहतोच, आणि युरोपात त्याची उदाहरणे पावलोपावली मिळतात. पी-ए-आय-एन ही चार रोमन अक्षरे इंग्रजाने वाचली तर वेदना, फ्रेंचाने वाचली तर भाकरी. पहिला शब्द लॅटिनमधल्या दंड या अर्थाच्या ‘पोएना’तून आला, दुसरा अन्नवाचक ‘पानिस’मधून. बी-ए-आर-एन ही अक्षरे इंग्रजीत धान्याचे कोठार आणि स्वीडिशमध्ये मूल. इंग्रजी शब्द मुळात सातूचे घर अशा अर्थाचा जोडशब्द होता, तो झिजून आखूड झाला. स्वीडिश शब्द जन्म देणे या क्रियेतून निघाला. आर-ओ-के म्हणजे डचमध्ये घागरा, पोलिशमध्ये वर्ष. याउलट जी-आय-एफ-टी हा शब्द इंग्रजीत भेट आणि जर्मनमध्ये विष असा दोन टोकांना गेलेला दिसतो, पण मूळ एकच, देणे. जर्मनमध्ये औषधाचा दिलेला डोस या अर्थावरून तो विषापर्यंत पोचला. म्हणजे सारखे दिसणारे शब्द दोन प्रकारचे असतात. काही एका घरातून निघून अर्थाने दुरावलेले, काही वेगळ्या घरांतून येऊन रूपाने एकवटलेले. नुसत्या डोळ्यांनी ते वेगळे करता येत नाहीत. देवाला लॅटिनमध्ये देउस आणि ग्रीकमध्ये थेओस म्हणतात. अर्थ तोच, रूपही जवळचे, तरी भाषाशास्त्र त्यांना सख्खे मानत नाही. देउसचा सख्खा संबंध आपल्या ‘देव’शी आहे. हे ठरले ते ध्वनी कसे बदलत गेले याचे नियम तपासून.

मराठीतही हेच घडले आहे. पाव म्हणजे चौथा भाग, आणि पाव म्हणजे बेकरीत भाजलेला पाव. पहिला संस्कृत ‘पाद’पासून झिजत आलेला, पावशेर आणि पावकी यांच्या घरातला. दुसरा पोर्तुगिजांनी आणलेला, लॅटिन ‘पानिस’चा वंशज. म्हणजे मराठी कोशात शेजारी छापलेल्या या दोन जुळ्यांचे एकमेकांशी काही नाते नाही, आणि आपल्या पावाचा खरा चुलतभाऊ म्हणजे फ्रेंच भाकरीचा तो शब्द, जो ऐकायलाही तसा लागत नाही. दिसण्यातले साम्य फसवते आणि नाते बरेचदा वेगळ्या चेहऱ्याखाली दडलेले असते, हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार? आणखी एक उदाहरण तर आपल्या डोळ्यांदेखत घडलेले आहे. जुन्या मराठी लेखनात ‘नांव’ म्हणजे माणसाचे किंवा गावाचे नाव, आणि ‘नाव’ म्हणजे होडी. पहिल्यावरचा अनुस्वार ‘नाम’मधल्या म-काराची खूण होता. दुसरा शब्द ‘नौ’पासून आलेला, म्हणून त्यावर अनुस्वार नव्हता. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी उच्चारात न उरलेले अनुस्वार काढून टाकले आणि दोन वेगळ्या कुळांचे शब्द एका रूपात आले. नियम सोयीचा होता, त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. पण त्यातून इतिहासाच्या अभ्यासकाने घ्यायचा धडा मोठा आहे. लेखनातली एकरूपता कधी कधी ठरावाने जन्माला येते, आणि तिच्या आधीचा फरक कागदावर पुसला गेलेला असतो.

आता हे सारे झाडीपट्टीत आणून पाहू. १८५४ साली नागपूरचे भोसले राज्य खालसा झाले. १८६१ साली मध्य प्रांत तयार झाला आणि भंडारा त्याचा जिल्हा झाला. १८६७ साली या जिल्ह्याचा काही भाग आणि शेजारच्या जिल्ह्यांचे काही भाग जोडून बालाघाट जिल्हा निघाला. मध्य प्रांताचा कारभार हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांत चाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला, आणि १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. म्हणजे सौंदडचे नाव शंभर-सव्वाशे वर्षांच्या काळात अशा कचेऱ्यांतून लिहिले गेले, जिथे लिहिणाऱ्याची भाषा मराठी असेल की हिंदी, याची खात्री नव्हती. गावात बोलणारे मराठीची झाडीबोली बोलत, काही पोवारी, काही छत्तीसगढी, काही गोंडी. गोंडी ही द्राविड कुळातली, म्हणजे मराठी-हिंदीच्या कुळाशी तिचा रक्ताचा संबंध नाही. आणि या सगळ्यांना कागदावर आणणारी लिपी मात्र बहुतेक वेळा एकच, देवनागरी. युरोपात रोमन लिपीने जे केले, ते इथे देवनागरीने केले.

त्याचे परिणाम रोजच्या बोलण्यातही दिसतात. महामार्गावरून येणारा छत्तीसगढचा ट्रकचालक ‘खाली’ म्हणतो तेव्हा त्याला रिकामे म्हणायचे असते. हमाल तोच शब्द वापरतो तेव्हा माल जमिनीवर ठेवायचा असतो. हिंदीतला शब्द अरबीतून आलेला. मराठीतला शब्द खालचा, खालावणे यांच्या घरातला. दोघांचे नाते फक्त अक्षरांचे. ‘आई’ हा मराठीत सर्वांत जवळचा शब्द, हिंदीत तो ‘येणे’ क्रियेचे स्त्रीलिंगी भूतकाळाचे रूप. ‘शिक्षा’ मात्र निराळ्या प्रकारात मोडते. शिकणे या एकाच संस्कृत धातूतून निघून हिंदीत ती शाळेत राहिली आणि मराठीत दंडापर्यंत गेली. गावांच्या नावांतही हाच प्रकार आहे. गोंदिया आणि बालाघाटच्या बाजूला नावाच्या शेवटी ‘टोला’ असलेल्या वस्त्या पुष्कळ आहेत. पुण्या-मुंबईच्या मराठी वाचकाला टोला म्हणजे फटका. इथला टोला म्हणजे मूळ गावापासून थोडी अलग वसलेली वस्ती, आणि तो हिंदी पट्ट्यात दूरवर पसरलेला शब्द आहे. इथे कोणी टोल्याचा अर्थ फटका घेऊन लढाईची कथा जोडणार नाही, कारण वस्तीचा अर्थ लोकांना अजून माहीत आहे. अर्थ विसरला गेला असता तर मात्र कथा नक्की जोडली गेली असती.

कथा टाळून पुढे जायचे तर पहिली वाट बोलीच्या नियमांची. झाडीबोलीचा पद्धतशीर अभ्यास डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी मांडला, आणि या बोलीत ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘र’ होतो, ही तिची ठळक खूण आहे. डोळा तिथे डोरा होतो, काळा कारा होतो. हा नियम हातात धरला की गोंदिया जिल्ह्यातली डुग्गीपार, मुंडीपार, पिंडकेपार ही नावे वेगळी वाचता येतात. प्रमाण मराठीच्या वाचकाला पार म्हटले की वडाभोवतीचा ओटा आठवतो किंवा नदीचा पलीकडचा काठ. पण तलावाच्या बांधाला मराठीत पाळ म्हणतात, आणि झाडीच्या उच्चारात पाळ ही पार होते. हा मुलूख कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांचा, मालगुजारी तलावांचा आहे. तिथे गाव तलावाच्या पारीच्या आश्रयाने वसले असेल, ही शक्यता ओटा किंवा पैलतीर यांच्यापेक्षा बळकट ठरते. तरीही प्रत्येक ‘-पार’ तलावाचाच, असे सरसकट म्हणता येत नाही. गावात जुना तलाव आहे का, तो गावठाणाच्या कुठल्या बाजूला आहे, गाव नदीकाठी आहे का, हे एकेका ठिकाणी पाहावे लागते. नियम शक्यता दाखवतो, तपासणी तिला पुराव्याचे रूप देते.

दुसरी वाट जुन्या लेखांची, आणि तिचे सामर्थ्य दाखवणारे उदाहरण सौंदडच्याच जुन्या जिल्ह्याचे आहे. भंडारा या शब्दाला मराठीत आधीच दोन अर्थ आहेत. एक खंडोबाला उधळतात ती हळद, दुसरा सार्वजनिक जेवण. त्यात भंडारा शहर पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले. त्यामुळे भांडी, भांडार, भंडारा ही साखळी जुळवून शहराचे नाव समजावणे अगदी सोपे आहे. पण छत्तीसगढातल्या रतनपूरला सापडलेला कलचुरी राजा जाजल्लदेव याचा कलचुरी संवत ८६६चा, म्हणजे इसवी सन १११४चा शिलालेख आहे. त्याला खंडणी देणाऱ्या मंडलांच्या यादीत लांजिका, वैरागर आणि भाणार ही नावे येतात. लांजिका म्हणजे बालाघाटातली लांजी, वैरागर म्हणजे गडचिरोलीतले वैरागड, आणि भाणार म्हणजे भंडारा, असे अभ्यासक मानतात. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी कलचुरींच्या कोरीव लेखांचा जो मोठा संग्रह सिद्ध केला आणि जो १९५५ साली प्रसिद्ध झाला, त्यात हा लेख आहे. नऊशे वर्षांपूर्वीच्या या रूपात ‘ड’ नाही. भांड्यांचा ‘ड’ किंवा हळदीच्या भंडाऱ्याचा ‘ड’ या नावात नंतर शिरला. ओळखीच्या शब्दाने अनोळखी नावाला आपल्या साच्यात ओढले असावे, हा त्याचा सर्वांत सरळ अर्थ. एका शिलालेखाने तिन्ही सोप्या व्युत्पत्तींना मागे सारले.

सौंदडच्या पहिल्या दोन अक्षरांच्या बाबतीतही असाच इशारा उपलब्ध आहे. बेळगाव जिल्ह्यातली सौंदत्ती मराठी माणसाला यल्लमाच्या यात्रेमुळे माहीत आहे. कन्नडमध्ये ती सवदत्ती. या गावाचे जुन्या कोरीव लेखांतले नाव सुगंधवर्ती, रट्ट राजांची राजधानी. म्हणजे तिथले ‘सौंद-’ हे ‘सुगंध’ झिजून झालेले आहे. कोकणात राजापूर तालुक्यात सौंदळ आहे. सौंदत्ती, सौंदळ, सौंदड ही तीन नावे एका ओळीत लिहिली तर तिघी बहिणी वाटतील. पण पहिलीचे मूळ शिलालेखाने ठरवलेले आहे आणि त्यात शमीला जागा नाही. दोन गावांच्या नावांचा आरंभ सारखा असूनही एकाचा उगम सुगंधात असू शकतो आणि दुसऱ्याचा झाडात, किंवा तिसऱ्याचा आणखी कशात. शेपटीच्या अक्षरांनीही सावध राहायला हवे. मराठी ‘ड’ला हिंदी लेखक नुक्ता देऊन ‘ड़’ लिहितो. रोमन लिपीत गावाचे नाव लिहिताना मधला ‘द’ आणि शेवटचा ‘ड’ दोन्हींसाठी एकच अक्षर येते, त्यामुळे रोमन नाव वाचून कोणी सौंदद म्हणाला तर दोष त्याचा नाही. भोसल्यांच्या काळातली दप्तरे मोडीत, आणि मोडी ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाही. इतक्या गाळण्यांतून खाली आलेल्या रूपाकडे मूळ उच्चाराची हुबेहूब नोंद म्हणून पाहणे धाडसाचे आहे.

इथे एक वजनदार आक्षेप येतो आणि तो टाळता कामा नये. शमी झाडीत रान करून वाढत नसेल, पण लावली तर जाऊ शकते. दसऱ्याच्या पूजेसाठी, देवळापुढे, शिवेवर शमी लावण्याची रीत महाराष्ट्रभर आहे. शिवाय गावाला नाव देणारे झाड गर्दीतले असायलाच हवे असे नाही. जिथे चहूकडे मोह आहे तिथे मोहाने गाव ओळखता येत नाही, उलट एकुलती शमीच खूण म्हणून उपयोगी पडते. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि त्यामुळेच शमीची व्युत्पत्ती अशक्य आहे असे मी म्हणत नाही. पण हा आक्षेप स्वीकारला की त्याने मागितलेला पुरावाही स्वीकारावा लागतो. शिवेवरची पूजनीय शमी एवढी महत्त्वाची असेल, की गावाने तिचे नाव घेतले, तर तिची आठवण एखाद्या देवस्थानात, दसऱ्याच्या सीमोल्लंघनाच्या जागेत किंवा शेताच्या नावात उरायला हवी. शिवाय जुन्या झाडीबोलीत या झाडाला सौंदडच म्हणत होते, हेही दाखवावे लागेल, कारण कोशातला शब्द सगळ्या प्रदेशांत चालत होता असे गृहीत धरता येत नाही. एकाच झाडाला चार जिल्ह्यांत चार नावे असणे मराठीत नित्याचे आहे. नवेगाव बांधच्या रानात वनाधिकारी म्हणून राहिलेल्या मारुती चितमपल्लींनी पक्ष्यांची आणि झाडांची नावे तिथल्या माणसांकडून का गोळा केली, याचे उत्तर इथेच आहे. छापील कोशात जे नाही, ते त्या माणसांच्या तोंडी होते.

दुसरा आक्षेप असा की लहान गावाला कुठला शिलालेख मिळणार? लेख राजधान्यांचे असतात. मग सौंदडसारख्या गावाने अक्षरसाम्यावर विसंबू नये तर कशावर? याला उत्तर आहे. मध्य प्रांतात जमीनमहसुलाच्या बंदोबस्ताच्या वेळी गावोगाव वाजिब-उल-अर्ज आणि पुढे निस्तार पत्रके तयार झाली. त्यांत गावाच्या चालीरीती, चराई, सरपण, तलावाच्या पाण्याचे हक्क यांच्या नोंदी आहेत, आणि त्या नोंदींत जागांची नावे येतात. १९५०च्या कायद्याने मालगुजारीची महसूल पद्धत संपली, पण कागद राहिले. शेताला, बोडीला म्हणजे लहान तळ्याला, तलावाला, नाल्याच्या वळणाला गावकरी जी नावे देतात ती कुठल्याही फलकावर नसतात, आणि म्हणूनच कचेरीच्या सुधारणेतून वाचलेली असतात. एकाच गावाच्या शिवारात वीस-पंचवीस अशी नावे मिळाली की त्यांची भाषा कोणती, झाडीबोली की गोंडी, हे उमजू लागते. गावाचे नाव एकटे बोलत नाही. शिवारातली नावे सोबत आली की ते कोणत्या भाषेत बोलते आहे ते कळते.

या कामाचा एक जुना आणि नमुनेदार दाखला आयर्लंडचा आहे. तिथे इंग्रजांनी १८२४ पासून मोजणी सुरू केली आणि आयरिश गावांची नावे इंग्रजी वर्णांत बसवायची वेळ आली. ‘किल’ने सुरू होणारी शेकडो नावे. इंग्रजीत त्या अक्षरांचा अर्थ ठार मारणे. आयरिशमध्ये ‘किल’ म्हणजे चर्च. किल्डेर म्हणजे ओकच्या झाडाचे चर्च. डोंगरउताराला आयरिशमध्ये ‘लेतिर’ म्हणतात, तो इंग्रजी नकाशावर पत्राच्या शब्दासारखा दिसू लागला. त्या मोजणीत जॉन ओडोनोव्हन हा विद्वान गावोगाव फिरला, म्हाताऱ्या माणसांकडून उच्चार ऐकले, जुनी कागदपत्रे ताडून पाहिली आणि मूळ आयरिश रूपे नामवह्यांत उतरवून ठेवली. नकाशावर इंग्रजी वळणाची नावे चढली तरी त्या वह्या राहिल्या. पुढे आयरिश लोकांना आपल्या गावांचा अर्थ शोधायचा होता तेव्हा त्या उपयोगी पडल्या. अनोळखी भाषेचे नाव ओळखीच्या लेखकाच्या हातात गेले की ते जवळच्या शब्दाचे रूप घेते, हे तिथे घडले आणि मध्य प्रांतातल्या पटवाऱ्याच्या दप्तरातही हे घडायला काहीच अडचण नव्हती. गोंडी किंवा झाडीबोलीतले नाव ऐकून मराठी वा हिंदी लिहिणाऱ्याने आपल्याला माहीत असलेला सर्वांत जवळचा शब्द लिहिला, तर त्यात लबाडी काही नाही. पण मूळ भाषेची खूण तेवढ्यापुरती पुसली जाते.

तिसरा आक्षेप भावनेचा आहे. लोकांनी सांगितलेली कथा खोटी ठरवून काय मिळवायचे? शमी आणि अर्जुनाच्या कथेत गावाचा अभिमान असेल तर तो असू द्यावा. लोककथेला माझा विरोध नाही. ती कथा म्हणून जपावी, तिच्यातून लोकांना आपले गाव कसे दिसते ते कळते. पण ती इतिहास म्हणून शाळेच्या स्मरणिकेत आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर गेली की तिची किंमत दुसऱ्या कुणाला तरी मोजावी लागते. या मुलखात तलाव बांधणारे कोहळी, रान राखणारे गोंड, मासे धरणारे ढीवर यांनी जागांना नावे दिली. प्रत्येक नावाचा उगम महाकाव्यात किंवा संस्कृत शब्दात दाखवला की या माणसांचा वाटा नोंदीतून निघून जातो. भंडाऱ्याच्या नावात आपण भांडी पाहत राहिलो, तर नऊशे वर्षांपूर्वीच्या भाणार मंडलाचा विसर पडतो. ‘-पार’ नावांत वडाचा ओटा पाहिला, तर तलाव बांधणाऱ्यांचे श्रम दिसेनासे होतात.

गावकऱ्यांना एकरूप नावांचा घोळ फार पूर्वीपासून माहीत आहे, आणि त्यांनी त्यावर तोडगाही काढला आहे. एकाच जिल्ह्यात दोन अर्जुन्या झाल्या तेव्हा एक रस्त्यावरची म्हणून सडक अर्जुनी झाली आणि दुसरी शेजारच्या गावाला जोडून अर्जुनी मोरगाव झाली. मोरगाव म्हटले की बारामती तालुक्यातले मयूरेश्वराचे मोरगाव आठवते आणि गोरेगाव म्हटले की मुंबईचे उपनगर, पण गोंदिया जिल्ह्यात गोरेगाव नावाचा तालुका आहे. टपाल आणि तहसील यांना फरक कळावा म्हणून आपण जिल्हा लिहितो, तालुका लिहितो. पत्ता चुकू नये यासाठी घेतलेली ही काळजी इतिहास चुकू नये यासाठीही घेतली पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे. सौंदडच्या शाळेतल्या मुलांनी शिवारातल्या शेतांची, बोड्यांची, नाल्यांची नावे म्हाताऱ्या माणसांकडून ऐकून, ज्याने सांगितले त्याच्या उच्चाराप्रमाणे, एका वहीत उतरवली, त्यात कोणत्या झाडाला गावात काय म्हणतात ते लिहिले, आणि ती वही जुन्या निस्तार पत्रकाशी ताडून पाहिली, तर शमीचा दावा टिकतो की नाही हे ठरवायला लागणारा पुरावा गोळा होईल. हे काम मोठ्या संस्थेशिवाय होणारे आहे, आणि ते लवकर व्हायला हवे, कारण चौपदरी रस्ता, नवे लेआउट आणि गटक्रमांक यांच्यापुढे शेतांची जुनी नावे भराभर वापरातून जात आहेत. वही भरली आणि तिने शमीच्या बाजूने साक्ष दिली, तर सौंदडला आपले झाड पुराव्यासह मिळेल. साक्ष दुसरीकडे गेली, तर ज्यांनी हे नाव खरोखर ठेवले त्यांचा मान त्यांना परत मिळेल.